रावस, सामन आणि परवान्याची पावती

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझा भाचा कॅनडात, व्हँकुव्हरला असतो. मागच्या डिसेंबरात तो रत्नागिरीला आला तेव्हा घरी रावस आणला होता. तिखलं झालं, तळलेल्या तुकड्या झाल्या. दोन घास पोटात गेल्यावर तो म्हणाला, ''मामा, तिकडे आम्ही यालाच इंडियन सामन म्हणतो.'' मी म्हटलं, तिकडेच कशाला, मुंबईच्या हॉटेलांच्या मेनूकार्डावरसुद्धा तसंच छापतात. त्यावर तो उठला आणि पाकिटातून एक घडी घातलेला कागद घेऊन आला. तो त्याचा मासेमारीचा परवाना होता.

हा मुलगा तिकडे एका कंपनीत हिशेब बघतो, मासेमारी हा त्याचा धंदा नाही. सुट्टीच्या दिवशी समुद्रावर जाऊन गळ टाकायचा, एवढीच हौस. पण त्या हौसेलाही परवाना लागतो, आणि तो नौकेचा नव्हे, माणसाचा. दरवर्षी फी भरून घ्यायचा. त्यावर पुन्हा सामन पकडून घरी न्यायचा असेल तर वेगळं तिकीट घ्यावं लागतं, त्याला तिकडे 'सामन स्टॅम्प' म्हणतात. त्याची किंमत सहा-सात डॉलर. कागदाच्या एका बाजूला रकाने आखलेले होते. चिनूक जातीचा मोठा सामन पकडून ठेवला की तिथल्या तिथे, नौकेवरच, तारीख आणि जागा त्या रकान्यात शाईने लिहायची. घरी जाऊन लिहीन म्हटलं तर तो गुन्हा.

''आणि या स्टॅम्पचे पैसे कुठे जातात ठाऊक आहे?'' तो म्हणाला. ''पॅसिफिक सामन फाउंडेशन म्हणून एक संस्था आहे, तिच्याकडे. त्यातून गावोगावची मंडळी ओढे साफ करतात, काठावर झाडं लावतात, सामनची पिल्लं वाढवतात. सामनचे पैसे सामनलाच. मामा, तुम्ही इतकी वर्षं परवान्यांचे अर्ज भरलेत. आपल्याकडे ते पैसे कुठे जातात?''

मी एका मच्छीमार सहकारी सोसायटीत एकतीस वर्षं लेखनिक होतो. नौकेची नोंदणी, परवान्याचं नूतनीकरण, डिझेलचा कोटा, विम्याचे कागद, सगळं माझ्या हाताखालून गेलं. चलन भरून पावती फायलीला लावली की माझं काम संपायचं. पुढे त्या पैशाचं काय होतं, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता. त्या दिवशी जेवणाच्या पाटावर मी गप्प बसलो. मग मात्र जुनी कागदपत्रं काढली, कायदा पुन्हा वाचला, मत्स्य महाविद्यालयातल्या जाणत्या मंडळींना भेटलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक गैरसमज दूर करू. रावस हा सामन नाही. दोघांचं नातं मेनूकार्डापुरतंच. सामन हा थंड पाण्याचा मासा. नदीच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत परततो. पॅसिफिक महासागरातल्या सामनच्या बहुतेक जाती तर एकदा अंडी घातल्यावर मरूनच जातात. रावस आपल्या उथळ किनारी पाण्यातला, खाडीच्या मुखाशी वावरणारा. त्याच्या गळ्याखाली चार लांब तंतू असतात, गढूळ पाण्यात त्यांनी तो चाचपत भक्ष्य शोधतो. त्याची पिल्लं खाड्यांमध्ये वाढतात. साहेब लोकांना आपल्या देशातल्या माशाची आठवण झाली आणि त्यांनी त्याला सामनचं नाव देऊन टाकलं, इतकंच.

पण रावसाची एक गोष्ट सामनपेक्षाही चमत्कारिक आहे. रावस आधी नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो. म्हणजे लहान रावस बहुतेक नर आणि मोठे रावस बहुतेक माद्या. आता आपण बाजारात काय करतो ते बघा. मोठ्या रावसाला भाव जास्त, म्हणून मोठे आधी उचलले जातात, त्या माद्या. बारीक आसाच्या जाळ्यात लहान येतात, ते पुढे ज्या माद्या व्हायच्या त्या. दोन्हीकडून कात्री लागते. जो मासा मोठा झाल्याशिवाय आई होत नाही, त्याला मोठं व्हायला वेळ दिला नाही तर पुढचं पीक कुठून येणार? हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण हे ज्या कागदावर लिहून अमलात आणायचं, तो कागद म्हणजे परवाना.

आपल्याकडचा परवाना येतो 'महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१' या कायद्यातून. तो वाचला तर ध्यानात येतं की कायदा करणाऱ्यांच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक, माशांचं रक्षण. दोन, लहान पारंपरिक मच्छीमारांचं रक्षण, विशेषतः ट्रॉलरवाल्यांपासून. त्या काळी हर्णै, मिरकरवाडा, जयगड, साखरीनाटे, सगळीकडे ट्रॉलर आणि साधी जाळी यांची भांडणं पेटलेली असत. कोणत्या भागात कोणी, कोणत्या जाळ्याने, कोणत्या काळात मासे मारायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारला या कायद्याने मिळाला आणि त्यासाठी प्रत्येक नौकेला परवाना आला.

ध्यानात घ्या, नौकेला. माणसाला नाही. माझा भाचा भाट्याच्या पुलाजवळ किंवा मांडवीच्या धक्क्यावर गळ घेऊन बसला तर त्याला कोणी परवाना विचारत नाही. आपल्याकडे गरवायला बसणं हा संध्याकाळचा विरंगुळा, त्याला पावती कसली?

आता फीबद्दल. परवान्याची फी ही यांत्रिक नौकेच्या बाकीच्या खर्चापुढे काहीच नाही. एका फेरीचं डिझेल, बर्फ, खलाशांचं राशन आणि पगार यांची बेरीज करा. त्या बेरजेत परवान्याची रक्कम शोधूनही सापडणार नाही. मग मच्छीमार परवान्यासाठी एवढी धडपड का करतो? कायद्याची भीती हे एक कारण. पण खरं कारण डिझेल. सरकार मच्छीमारांना डिझेलवरच्या राज्याच्या कराची परतफेड करतं. ती सोसायटीमार्फत मिळते आणि नोंदणी-परवाना असल्याशिवाय मिळत नाही. आमच्या सोसायटीत परवाना संपत आला की मालक स्वतः धावत यायचा, ''भाऊ, कोटा बंद होईल हो.'' मासे संपतील म्हणून धावत आलेला मालक मी पाहिला नाही. यात त्याचा दोष नाही. परतावा महिनोन् महिने थकायचा, सावकाराचं व्याज मात्र थकत नसे. माणूस ज्याची झळ आज बसते त्याच्याच मागे धावणार.

म्हणजे हिशेब असा की सरकार मच्छीमाराकडून परवान्यापोटी चिमूटभर घेतं आणि डिझेलपोटी ओंजळभर देतं. परवाना ही मुळात तिजोरीत पैसा आणणारी गोष्टच नाही. आणि जी चिमूट येते ती राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते. तिथून पगार होतात, रस्ते होतात, शाळा होतात. रावसाच्या नावाने वेगळी पेटी नाही. भाच्याला द्यायचं उत्तर हे होतं.

इथे कायद्याची एक बारीक गोष्ट सांगतो. कर आणि शुल्क यांत फरक आहे. कर सरकार घेतं आणि कशावरही खर्च करतं. शुल्क मात्र एखाद्या सेवेच्या बदल्यात असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या प्रसिद्ध खटल्यात हा फरक सांगितला. तिथे मुद्दा देवस्थानांकडून घ्यायच्या वर्गणीचा होता, पण त्या निकालाचा आधार पुढे किती तरी खटल्यांत घेतला गेला. नंतरच्या निकालांनी ही गाठ बरीच सैल केली. नियमन करण्यासाठी जे परवाना शुल्क घेतलं जातं त्याच्या पै-पैचा मोबदला दाखवायची गरज नाही, असं न्यायालयांनी मान्य केलं. तेव्हा आमच्या मासेमारी परवान्याचे पैसे माशांवरच खर्च करा, असा दावा कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही. तो कायदेमंडळातच सोडवायचा प्रश्न आहे.

अमेरिकेने तो तसाच सोडवला. १९५० साली तिथे एक कायदा झाला. मासेमारीच्या हौशी सामानावर, म्हणजे गळ, काठ्या, रिळं यांवर, कारखान्यातच दहा टक्के कर बसवला आणि तो पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी वाटायचं ठरवलं. वाटणीचं सूत्र असं की साठ टक्के राज्यातल्या परवानाधारक गळवाल्यांच्या संख्येवर आणि चाळीस टक्के राज्याच्या क्षेत्रफळावर. पण खरी मेख पुढे आहे. हा पैसा हवा असेल तर राज्याने स्वतःचा कायदा करून लिहून द्यायचं की मासेमारी परवान्याची फी आम्ही दुसऱ्या कोणत्याही कामाला वळवणार नाही. एखाद्या अर्थमंत्र्याने तूट भरायला तिच्यात हात घातला तर केंद्राचा पैसा बंद. मला हे कलम फार आवडलं. एकतीस वर्षं सरकारी चलनं भरलेल्या माणसाला ते आवडणारच.

तेव्हा आपणही दहा पट फी लावू आणि पेटी वेगळी ठेवू, म्हणजे रावस परत येतील, असं म्हणायचं का? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण सामनचीच गोष्ट पुढे वाचली तेव्हा उत्साह जरा खाली आला.

कॅलिफोर्नियात परवाने आहेत, फी आहे, हौशी मासेमारांची मोठी संख्या आहे. तरीही २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षं तिथली व्यापारी सामन मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली. कारणं दुष्काळ, तापलेलं पाणी आणि नद्यांवरची धरणं. नॉर्वे तर सामनचं माहेरघर. तिथेही नदीत सामन धरायचा तर सरकारी शुल्क भरावं लागतं. २०२४ च्या जूनमध्ये समुद्रातून परतणाऱ्या माशांचा आकडा एवढा घसरला की ऐन हंगामात ३३ नद्यांमधली मासेमारी थांबवण्यात आली. ज्यांनी पैसे भरले होते त्यांनीही काठ्या गुंडाळल्या. उलट अमेरिकेतल्या क्लामाथ नदीवरची चार धरणं पाडण्याचं काम २०२४ साली पुरं झालं आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात धरणांच्या वरच्या अंगाला सामन पोचले. शंभर वर्षांहून अधिक काळ ती वाट बंद होती. तिथे माशाला हवी होती ती वाट, आणि ती परवान्याच्या फीने उघडली नाही.

आपल्या रावसालाही वाट लागते, खाडीची. दाभोळच्या खाडीत औद्योगिक सांडपाण्याने मासे मरतात अशा तक्रारी तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत. वाळूचा उपसा आहे. कांदळवनाचं रक्षण आता पूर्वीपेक्षा बरं होतं, त्यासाठी वनविभागात २०१२ पासून स्वतंत्र कक्ष आहे. पण मत्स्य खात्याच्या परवान्यात खाडीतल्या पाण्याचा उल्लेख कुठून असणार? तो विषय दुसऱ्या खात्याचा. मासा बिचारा खाती ओळखत नाही.

मग परवान्याचा उपयोग काय? माझं मत असं बनलं आहे की परवान्याची ताकद फीमध्ये नाही, दोन दुसऱ्या गोष्टींत आहे. किती परवाने द्यायचे ही एक, आणि परवान्यावर कोणत्या अटी लिहायच्या ही दुसरी.

संख्येचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. पर्ससीन जाळं म्हणजे बांगड्या-तारलीच्या थव्याला गोल वेढा घालून खालून बटव्यासारखं आवळायचं जाळं. एका वेढ्यात अख्खा थवा वर येतो. रत्नागिरीत ही जाळी वाढत गेली आणि गिलनेटवाले, रापणवाले हवालदिल झाले. सरकारने नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला. नवे पर्ससीन परवाने बंद, असलेले टप्प्याटप्प्याने कमी करत शेवटी १८२ वर आणायचे, आणि हंगाम फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. हा आदेश निघाला तेव्हा मी नोकरीत होतो. सोसायटीच्या ओट्यावर एका बाजूला पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या बाजूला शिव्या. दोन्ही बाजूंना माझे सभासद. पर्ससीनवाल्याने कर्ज काढून नौका बांधली होती, त्याच्याकडे पंचवीस-तीस माणसं पोट भरत होती. तो म्हणे, ''मी चोर आहे का?'' गिलनेटवाला म्हणे, ''माझ्या जाळ्यात यायला मासा उरलाच नाही तर मी काय समुद्र चाटू?'' मला अजूनही वाटतं की दोघेही खरं बोलत होते. पण समुद्र एकच असेल तर जाळी किती, हा प्रश्न कुणाला तरी सोडवावाच लागतो, आणि परवान्याशिवाय तो सोडवायचं दुसरं साधन नाही.

आता अटी. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा आस चौकोनी आणि ४० मिलिमीटरचा हवा, म्हणजे पिल्लं निसटतील. प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला केंद्राने २०१७ मध्ये मनाई केली. पावसाळ्यातली बंदी १ जून ते ३१ जुलै. पूर्वी आपल्याकडे नारळी पौर्णिमेला महत्त्व होतं. नारळ वाहिल्याशिवाय नौका पाण्यात लोटत नसत, आणि त्यात माशांच्या विणीचा काळ आपोआप राखला जाई. त्यासाठी कुणी फी घेत नव्हतं. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडचा डोह आहे, तिथल्या महाशीर माशांना देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. तिथेही परवाना नाही, पावती नाही आणि मासे आहेत. पण श्रद्धेचा डोह एका गावापुरता राखता येतो, बारा सागरी मैल रुंदीचा समुद्र तसा राखता येत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात आणखी एक महत्त्वाची अट आली. राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. केरळने ही सुरुवात २०१५ मध्ये केली होती. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान नको, सुरमई ३७० पेक्षा लहान नको, अशी ती यादी आहे. त्याच महिन्यात पापलेट हा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. मान मिळाला, आता वय मिळालं म्हणजे झालं.

या सगळ्याची गरज का पडली, ते एका आकड्यावरून कळेल. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीनुसार २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतला नीचांक. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं आली होती, नौका कित्येक दिवस बंदरात होत्या, हे खरं. पण पिल्लांची बेसुमार धरपकड हेही कारण तज्ज्ञांनी तेव्हाच सांगितलं होतं.

अटी लिहिल्या, त्या पाळतो कोण? १९८१ च्या मूळ कायद्यात दंड पाच हजार रुपये किंवा मासळीच्या किमतीच्या पाचपट असा होता आणि प्रकरण तहसीलदारांपुढे चालायचं. तहसीलदाराकडे निवडणूक, टंचाई, सातबारा, सगळं आधीच असतं, त्यात बांगड्याची टोपली कुठे बसणार? २०२१ च्या दुरुस्तीने हे अधिकार मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि दंड वाढले. विनापरवाना मासेमारीला पाच लाखांपर्यंत, एलईडी मासेमारीला पाच ते वीस लाख. २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले, त्यात मिरकरवाडा आणि साखरीनाटेही आहेत. परवान्याच्या चिमूटभर फीपुढे हे दंडाचे आकडे पाहिले की वाटतं, सरकारने दरवाजा स्वस्त ठेवला आहे आणि कुंपण महाग केलं आहे. धोरण म्हणून हे वाईट नाही.

एक अडचण मात्र जुनीच आहे. राज्याचा अधिकार बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर. त्यापुढे केंद्राचा. पकडलेला तांडेल हमखास सांगणार, ''साहेब, मी बाराच्या बाहेर होतो.'' या बाहेरच्या पाण्यासाठी केंद्राने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी नवे नियम जारी केले. यांत्रिक आणि मोठ्या नौकांना तिथे जाण्यासाठी ऑनलाइन प्रवेश पास घ्यावा लागणार आहे. लहान पारंपरिक नौकांना त्यातून सूट आहे. एलईडी, जोडीने ओढायचं ट्रॉल, बुल ट्रॉल यांना तिथेही बंदी. आणि या पासची फी किती? काहीच नाही, फुकट. भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो थक्क झाला. ''मामा, मग संवर्धनाचा पैसा कुठून आणणार?''

मी त्याला म्हटलं, बाबा, तुझ्याकडचा परवाना हौशी माणूस काढतो. त्याच्या खिशाला सहा डॉलर म्हणजे एक कॉफी. आमच्याकडचा परवाना पोटासाठी निघतो. राजिवड्याच्या किंवा काळबादेवीच्या लहान होडीवाल्यावर संवर्धनाच्या नावाने फी लादली तर ज्याने समुद्राचं सगळ्यात कमी नुकसान केलं त्याच्याकडूनच दंड घेतल्यासारखं होईल. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याकडून आपण बियाण्याच्या रक्षणाचे पैसे मागत नाही.

पण पैसा योग्य जागी ठेवला तर काय होतं, त्याचा एक नमुना आपल्याच राज्यात आहे. व्हेल शार्क, डॉल्फिन किंवा समुद्री कासव जाळ्यात अडकलं तर पूर्वी मच्छीमार कोड्यात पडायचा. जाळं कापावं तर हजारोंचं नुकसान, न कापावं तर मुका जीव जातो. २०१८ च्या डिसेंबरपासून कांदळवन प्रतिष्ठान आणि मत्स्य खातं अशा वेळी फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ द्यायचा, कागद भरायचे. त्यानंतर किती तरी कासवं आणि मोठे मासे मच्छीमारांनी स्वतःच्या हाताने सोडले. मच्छीमाराकडून न घेता त्याला दिलेला हा पैसा आहे आणि तो काम करतो.

माझ्या मते मच्छीमाराकडून पैशाऐवजी एक गोष्ट जरूर मागावी, ती म्हणजे नोंद. भाच्याच्या कागदावरचे ते रकाने माझ्या डोक्यातून गेले नाहीत. डिझेलचा परतावा हवा ना? मग प्रत्येक फेरीला कोणती मासळी, किती किलो, कोणत्या भागात, एवढं लिहून द्या. कागद नको, मोबाईलवर द्या. सोसायटीच्या लेखनिकाचं काम वाढेल, हे मी अनुभवाने सांगतो, आणि सुरुवातीला निम्म्या नोंदी खोट्या असतील हेही सांगतो. पण दहा वर्षांनी रावस कुठे कमी झाला, कधीपासून झाला, हे सांगायला काहीतरी हातात असेल. हौशी गळवाल्यांसाठी मात्र नाममात्र फीचा परवाना आणायला हरकत नाही. पर्यटनाबरोबर ही मंडळी वाढत आहेत, महागड्या काठ्या घेऊन येतात. त्यांची फी जिल्ह्यातल्या खाड्यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावी आणि अमेरिकेसारखं ती इतरत्र वळवायला कायद्यानेच बंदी घालावी.

भाचा गेल्यावर महिन्याभराने त्याचा निरोप आला. रविवारी एक कोहो सामन गळाला लागला होता, पण सोडून दिला. तिकडे उबवणीकेंद्रात वाढवलेल्या कोहोच्या शेपटीजवळचा पाठीवरचा चिमुकला पर पिल्लू असतानाच कापतात, म्हणजे केंद्रातला मासा कोणता आणि नदीत जन्मलेला कोणता हे ओळखू येतं. याचा पर शाबूत होता. तो जिथे जातो तिथे असा मासा घरी न्यायला मनाई आहे.

तो निरोप वाचला त्या दिवशी आमच्या घरात पापलेटं आली होती. मला काय सुचलं कोण जाणे, बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि चारही मासे मोजले. दोन बारा सेंटिमीटरचे निघाले, म्हणजे कायद्याने दीड सेंटिमीटर कमी. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज तपासले, स्वतःच्या पिशवीत काय येतं ते पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजारात नेहमीच्या मावशींना म्हटलं, हे बारीक नका देऊ. त्या हसल्या. म्हणाल्या, ''भाऊ, उद्यापासून टेप घेऊनच या. मोठे निवडून देते. पण भाव मग मोठ्याचाच द्यायचा, घासाघीस नाही करायची.''

मी टेप नेतो. घासाघीस अजून पूर्ण सुटलेली नाही.